पावण्यांचं पाचवं शील

जिथं माणसं रोज संध्याकाळी जमतात, तिथं दाराशी चपला साचतात आणि आत किस्से. चपला ज्याच्या त्याच्या पायांतून घरी जातात, किस्से तिथंच राहतात. मार्केट यार्डामागच्या आमच्या गल्लीतल्या बुद्धविहारात तर त्यांचा ढीगच होता. नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही गाव सोडलं त्याला आता काही वर्षं झाली. तरी भांडी विसळताना त्यातला एखादा किस्सा आठवतो आणि मी एकटीच हसते. लेक म्हणते, “आई, परत पावणं का?”

बहुतेक वेळा पावणंच असतात.

*

पावणं पहिल्यांदा दिसले ते विहाराच्या ओट्यावर, आडवे. स्टँडवरून हाकललं की इथं येऊन पडायचे. समोरच्या घरातल्या आक्का सकाळी ओटा झाडायला आल्या. त्यांनी खराट्याच्या दांड्यानं ढोसून विचारलं,

“कुठलं पावणं म्हणायचं?”

“नेसरीचं,” डोळे न उघडता उत्तर आलं.

“आन् जाणार कवा?”

“च्या झाला की.”

चहा झाला. जायचं तेवढं राहिलं!

नेसरीला त्यांचं सलून होतं. दारूनं आधी हात थरथरायला लागले, मग गिऱ्हाईक गेलं, मग दुकान, आणि शेवटी घरानं दार लावून घेतलं. हे त्यांनीच सांगितलं, शेजारच्याची गोष्ट सांगावी तसं. खरं नाव विचारायचं कुणाला सुचलंच नाही. माझी सुजाता तेव्हा रांगत होती. मी एम.ए., बी.एड. माणसावर विश्वास ठेवावा, असा निबंध मुलांकडून लिहून घेणारी. त्या दिवशी घरी येऊन मी दाराला दुसरी कडी बसवून घेतली.

*

पुढं पावणं संध्याकाळच्या वंदनेला मागं येऊन बसायला लागले. एवढी माणसं एका सुरात म्हणायला लागली की डोक्यातला गलका बसतो, असं त्यांचं म्हणणं. वंदना घ्यायचे ते आमचे गुरुजी, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्या लक्षात आलं, की पंचशील म्हणताना हा माणूस चार शीलं खणखणीत म्हणतो आणि पाचव्याला तोंड मिटतो. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. शब्द अवघड जात असतील म्हणून गुरुजींनी ते वेगळं शिकवायला घेतलं.

“पाठ हाय की, गुरुजी,” पावणं म्हणाले. “पर चौथ्यात खोटं बोलणार न्हाय म्हणायचं, आन् लगेच पाचव्यात बोलायचं? कसं जमायचं?”

गुरुजींनी चष्मा पुसला.

“पाचातले चार म्हणजे ऐंशी टक्के. बसा.”

*

मग एकदा रक्ताची उलटी झाली आणि पावणं स्वतःच म्हणाले, मला दवाखान्यात टाका. सरकारी दवाखान्यातून परत आले ते निम्मे होऊन. दारू सुटली की गोडाची तलफ येते म्हणे. आक्कांच्या घरातली गुळाची ढेप उंदीर लागल्यासारखी कमी व्हायला लागली. ह्याची दारू परवडली असती, असं आक्का गल्लीभर सांगत फिरायच्या आणि संध्याकाळी नवी ढेप फोडायच्या.

तरीही वंदनेला पावणं चारावरच थांबायचे. आता काय अडचण आहे, असं गुरुजींनी विचारलं.

“आज घेतली न्हाय. उद्याचं कुणी बघितलंय?”

*

हळूहळू विहाराच्या भिंतीला आरसा टांगला गेला. कुणी खुर्ची दिली, आक्कांच्या भावानं वस्तरा आणून दिला. पण पावण्यांचे हात बघून गिऱ्हाईक लांबूनच नमस्कार करायचं. शेवटी गुरुजी खुर्चीत बसले आणि हनुवटी वर केली.

त्या संध्याकाळी गुरुजी वंदनेला आले ते गालावर कापसाचे बोळे चिकटवून. सगळे बोळे मोजायला लागले. गुरुजीच म्हणाले,

“अक्षर सुधारेल हळूहळू.”

*

एका पौर्णिमेला सगळी गल्ली पांढऱ्या कपड्यांत विहारात, आणि पावणं गायब. दुसऱ्या दिवशी उगवले. आक्कांनी विचारलं, तर नेसरीकडचा माणूस भेटला, घेतली नाही, म्हणाले. आक्कांनी ते खरं मानलं. त्यांना मानायचंच होतं.

संध्याकाळी पावणं आत आलेच नाहीत, चपलांजवळ बसले. पंचशील सुरू झालं. पहिलं, दुसरं, तिसरं. आणि तोंड मिटलं!

आक्का वळून बघत राहिल्या. वंदना संपल्यावर त्यांनी पावण्यांसमोर चहाचा कप आदळला, त्यात गूळ मात्र दुप्पट होता.

गुरुजी चपला घालता घालता म्हणाले, “साठ टक्के. तरी पास.”

*

आमची सुजू ह्या सगळ्यात पावण्यांच्या मांडीशी बसून बोलायला शिकली. जयसिंगपूरला नणंदेच्या घरी कार्यक्रम होता. पोरगी तीन वर्षांची, पंचशील म्हणते, म्हणून मी कौतुकानं पुढं केली. चार शीलं म्हणाली आणि हात जोडून थांबली. पाचवं कुठं गेलं, असं नणंदेनं विचारलं.

“ते पावणं म्हणत न्हाईत,” सुजू म्हणाली.

त्या घरी ‘पावणं’ म्हणजे माझा नवरा. सगळी मंडळी त्याच्याकडं बघायला लागली.

*

त्याच उन्हाळ्यात सुजूच्या डोक्यात गळवं झाली. सासूबाई म्हणाल्या, डोकं चकोट करून टाका. मी शहरातल्या मोठ्या सलूनचा विषय काढला, तोवर सुजू स्वतःच जाऊन पावण्यांच्या खुर्चीत बसली होती.

मी विचारलं, ब्लेड नवं आहे ना. नवं होतं. वस्तरा उकळलात का. उकळला होता. पाणी गाळलेलं आहे का, हेही विचारलं. त्याचा काय संबंध ते मलाही ठाऊक नव्हतं. पावण्यांनी सगळ्याला उत्तरं दिली. जे विचारायचं होतं ते जिभेवर आलं आणि तिथंच अडकलं. असं कसं विचारायचं माणसाला? आणि न विचारता पोरीचं डोकं कसं द्यायचं? मी खुर्चीचा हात धरून तशीच उभी.

पावण्यांनी माझ्याकडं बघितलं. वस्तरा मिटून ठेवला, हात जोडले आणि पंचशील म्हणायला लागले. सुजूनंही खुर्चीत बसल्या बसल्या हात जोडले. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. सुजू सवयीनं थांबली.

पावणं थांबले नाहीत.

“पावणं, चुकलासा की,” सुजू मान वळवून म्हणाली.

“डोस्कं हलवू नगंस,” पावणं म्हणाले, आणि त्यांनी वस्तरा उघडला.