शिकागोचा दादा मालवणी बोलतो

आमच्या चाळीच्या व्यायामशाळेत किस्से जमवावे लागत नाहीत. चहा संपल्यावर कपाच्या तळाशी साखर उरते, तसे ते उरतात. दर रविवारी दुपारी तिथे आम्ही हॉलिवूडचे जुने, काळे-पांढरे गँगस्टरचे सिनेमे बघतो. शिकागोला सिनेमा शिकून मी परळला परत आले, तेव्हा बिल्डरला ही खोली साइट ऑफिससाठी हवी होती. रिकामी दिसली की गेलीच, असं चाळीचा वकील म्हणाला. मग आम्ही भिंतीवर चादर लावली आणि खोली भरून टाकली. नोकरी कधी शोधणार, असं आई विचारते. मी म्हणते, मग ही करतेय ती काय?

*

पहिल्या रविवारी मी सिनेमा मध्येच थांबवला आणि प्रकाश-सावलीवर बोलायला लागले. पडद्यावर हिरो पिस्तूल रोखून गोठलेला. बराच वेळ ऐकून घेतल्यावर पुढच्या रांगेतल्या सुलभामावशी म्हणाल्या, "पोरी, त्याचा हात दुखायला लागला असेल. आधी त्याला गोळी घालू दे."

तेव्हापासून माझं भाषण बंद.

*

पडद्यावर खाली उमटणारं इंग्रजी निम्म्या लोकांना वाचता येत नव्हतं. भाईकाकांनी आयुष्यभर बोटीवर नोकरी केलेली, त्यांना इंग्रजी समजतं. त्यांनी गणपती मंडळाचा माइक आणला आणि पडद्यावरचा शिकागोचा दादा मालवणीत बोलायला लागला. "रातीक बोट येतली. पोलिसांका कळला तर तुझी खैर नाय, मेल्या."

मूळ संवादांची वाट लागतेय, असं मी कळवळून सांगितलं. काका शांतपणे म्हणाले, "मूळ संवाद त्यांच्याकडे आसत ना? मगे?"

आता घरी एकटीने तोच सिनेमा मूळ इंग्रजीत बघितला की हिरोचा आवाज मला डब केल्यासारखा वाटतो.

*

एकदा कुणीतरी विचारलं, हे लोक दारू लपवतात कशाला? मी अमेरिकेतली दारूबंदी समजावायला घेतली. बंदी आली, मग चोरटा धंदा आला, मग टोळ्या आल्या. मागच्या बाकावरच्या बायका हसायला लागल्या. त्यातली एक म्हणाली, "माझ्या वडाळ्याच्या आत्याने आपल्याकडच्या दारूबंदीत हेच केलं. फक्त सूट शिवला नाही."

*

चाळीचे सेक्रेटरी चिडले. आपल्या वस्तीने इतकी पोरं टोळ्यांत घालवली आणि ही बाई रविवारी गुंड दाखवते, असं त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं. सुलभामावशी उठल्या. त्यांचा धाकटा भाऊ बाबू गिरणी बंद पडल्यावर टोळीत गेला आणि मारला गेला, हे सगळ्यांना माहीत होतं.

"बाबू गेला तेव्हा पेपरात दोन ओळी आल्या," मावशी म्हणाल्या. "तो असा का झाला, हे कुणी विचारलं नाही. हे सिनेमावाले निदान तिथून सुरुवात करतात. घर दाखवतात, आई दाखवतात, बंद कारखाना दाखवतात. मी ते बघायला येते. मला अडवून दाखवा."

सिनेमे चालू राहिले. त्या चादरीवर काय दिसतं हे मला शिकागोत कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं.

*

आणि मग अण्णा आला. बाबू ज्याच्या टोळीसाठी पळायचा, तो हाच. आता केस पांढरे, गळ्यात चेन, आणि बिल्डरसाठी खोल्या रिकाम्या करून देण्याचं काम. भर दुपारी, सिनेमा अर्ध्यावर आलेला असताना, तो दोन माणसं आणि एक कुलूप घेऊन आत शिरला आणि थेट चादरीसमोर उभा राहिला. शिकागो त्याच्या शर्टावर हलायला लागलं. भाईकाकांचा माइक थांबला. मी प्रोजेक्टर बंद केला नाही.

"खोली आजपासून बंद," अण्णा म्हणाला. "उठा."

कुणी उठलं नाही. मागच्या बायकांनी पाय वर घेऊन मांडी घातली.

सुलभामावशींनी शेजारची प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि पदराने पुसली. "बस, अण्णा," त्या म्हणाल्या. "याच्यात शेवटी दादा मरतो. कसा, ते बघून जा."

अण्णाने कुलूप सोबतच्या एका माणसाच्या हातात दिलं, मानेनेच दोघांना बाहेर जायला सांगितलं आणि खुर्चीत बसला. चादरीवरची सावली गेली. भाईकाकांनी माइक तोंडाशी नेला.

"थांब," अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाला. "पहिल्यापासून लाव."