दिवसाच्या अंधाराची बॅटरी

द्वारकाबाईंनी माझ्या दुकानातली बॅटरी पहिल्यांदा हातात घेतली, ती पेटवून बघायला नव्हे. त्यांनी ती पदराच्या टोकाने पुसली आणि सरळ दातांत धरली. मग दोन्ही हात मोकळे सोडून त्या मान वळवून वळवून माझ्याकडे, फळीवरच्या काचांकडे, आढ्याला टांगलेल्या कंदिलांकडे पाहू लागल्या. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती हसू दाबत बाहेर पडली. मलाही हसू आवरत नव्हतं. बाईंनी बॅटरी तोंडातून काढली, पुन्हा नीट पुसली आणि म्हणाल्या, "जड हाय. जबडा दुखंल. दुसरी दावा."

तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. खोपोलीच्या बाजारात माझं कंदील, स्टोव्ह आणि बॅटऱ्यांचं दुकान होतं. टॉर्च हा शब्द शिकलेल्यांचा, बाकी सगळ्यांची ती बॅटरीच. बॅटरी घ्यायला येणाऱ्या माणसाची एक ठरलेली रीत असे. तो दुकानाच्या पायरीवर उभा राही, समोरच्या पिंपळाच्या शेंड्यावर झोत टाकी, आणि झोत पोचला की मिशीवर हात फिरवी. तीन सेलची लांब बॅटरी खांद्याला अडकवून फिरणं ही तालेवारपणाची खूण होती. मीही तेच सांगून माल खपवत होतो. अशा गिऱ्हाइकांत ही चाळिशीची, काळीसावळी, कपाळाला कुंकू नसलेली, नऊवारीवर पांढरं पोलकं घातलेली बाई आली आणि माझी सगळी विद्या तिने पायरीखाली उतरवली.

त्या खालापूरच्या दवाखान्यात नर्स होत्या. एका शेतकऱ्याच्या घरात दिलेल्या, लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा गेला, आणि सासऱ्यानेच हिंमत धरून त्यांना पुण्याला शिकायला पाठवलं. परत आल्या त्या सुईणपणाचं रीतसर शिक्षण घेऊन. पण भाषा मात्र त्यांनी पुण्याला बदलून घेतली नाही.

मी आपला त्यांना मोठी बॅटरी गळ्यात मारू पाहत होतो. म्हटलं, "बाई, रात्रीबेरात्री रानातनं जायचं तुम्हाला. लांब उजेड पाडणारी घ्या."

"रात्रीला कंदील हाय," त्या म्हणाल्या. "मला दिवसाचा अंधार बघायचाय."

मला काही समजलं नाही. त्यांनी मला दुकानाबाहेर उन्हात उभं केलं, शंभर श्वास मोजायला लावले आणि मग हाताला धरून दुकानामागच्या कोठीत नेलं. तिथे खिडकी नव्हती. "काय दिसतंय?" मला काहीच दिसत नव्हतं. माझ्याच कोठीत मला माझी शिडी दिसेना. "आता कळलं? बाळंतिणीची खोली अशीच असती. मी येते चार कोस उन्हातनं. आत पाऊल टाकलं की आंधळी. डोळं उघडंस्तवर पोर थांबतंय व्हय?"

त्यानंतर ती बॅटरी निवडायला त्यांना चार बाजार लागले. दर गुरुवारी येत, एकेक बॅटरी घेत आणि नापास करत. पिंपळाकडे एकदाही झोत टाकला नाही. रिकाम्या डब्यात हात घालून, आत उजेड सगळीकडे सारखा पडतो की मधेच ठिपका पडतो, ते बघत. माझ्याकडून बोटांना खोबरेल लावून घेत आणि मग बटण सरकतं का बघत. जमिनीवर ठेवून पायाने ढकलत. गडगडली की बाद. "हातातनं सुटली आन खाटंखाली गेली, तर मी बाळंतीण बघू का बॅटरी हुडकू?" एक छानशी पत्र्याची बॅटरी त्यांनी पिशवीत टाकून दहा वेळा हलवली. बटण आपोआप सरकून ती आत पेटून बसली. ती परत करताना त्या मला ओरडल्या नाहीत, बॅटरीला ओरडल्या: "कोण बघत नसताना जळतीस आन कामाला विझशील, भवाने."

शेवटी एक पास झाली. पितळेची, तळहाताएवढी, करंगळीहून थोड्या जाड अशा दोन बारक्या सेलवर चालणारी, तोंडाशी आठ कोन असलेली. ती माझ्याकडे वर्षभर धूळ खात पडली होती, कारण तिचा झोत रस्ता ओलांडून जात नव्हता. बाईंनी तिच्या बुडाला सुती चिंधी गुंडाळली, दातांत धरली आणि समाधानाने मान हलवली. त्या दिवसापासून ती त्यांच्या कनवटीला होती. भाजी घ्यायला आल्या तरी, देवळात गेल्या तरी. मी एकदा चिडवलं तर म्हणाल्या, "पोरं काय पंचांग बघून येतात?"

हळूहळू मला त्यांच्या कामाच्या गोष्टी कानावर येऊ लागल्या. दुकानात बसलेल्या माणसाला गावची सगळी खबर लागते. नव्या उजेडाला घरोघरच्या म्हाताऱ्यांचा विरोध असे. बाळंतिणीच्या खोलीत तेलाची समई जळायची, तिथे हा विजेचा डोळा कशाला, पोराला दृष्ट लागेल, अशी समजूत. बाईंनी कोणाशी वाद घातला नाही. त्या घरातली सगळ्यांत म्हातारी, सगळ्यांत खाष्ट बाई शोधून काढत आणि बॅटरी तिच्याच हातात देत. "आजी, तुमीच धरा. तुमचा हात थरथरत नाय." झालं! मग ती आजी खोलीत दुसऱ्या कोणाला तोंड उघडू देत नसे. कळंबच्या एका म्हातारीने तर पुढे जन्मभर सांगितलं की नातू आपण जन्माला घातला, नर्स नुसती बसली होती.

एक वाक्य त्या नेहमी म्हणत: "हाताला डोळं असतात, पन त्यांना एकदा दाखवाय लागतंय." म्हणजे उजेड सारखा नको. एकदा नीट बघायचं, मनात ठेवायचं, मग विझवून हातांनी काम करायचं. मला हे ऐकून गंमत वाटायची. गमतीची गोष्ट नव्हती ती.

आता माझ्या पापाकडे येतो.

युद्धाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी बारके सेल मिळेनासे झाले. तेव्हा घरोघर एक उपाय चाले: संपलेले सेल कौलांवर उन्हात घालायचे. तापले की थोडा वेळ जीव धरतात, चार दिवस मिणमिणतात. लोक ते स्वतःसाठी करत. मी ते विकण्यासाठी केलं. जुने सेल उन्हात तापवायचे, बुडाचं जस्त कानशीने घासून चकचकीत करायचं, नवा कागद गुंडाळायचा. त्या पौषात द्वारकाबाई सेल मागायला आल्या तेव्हा फडताळात खऱ्या नव्या सेलांची एक जोडी होती. ती मी कर्जतच्या एका बड्या वकिलांसाठी राखून ठेवली होती. कोटाच्या खिशात बारकी बॅटरी बाळगायची त्यांना हौस होती. बाईंना मी घासलेली जोडी दिली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि घेतली. मी आपल्या हुशारीवर खूश होतो.

माघात माझ्या बायकोचे, इंदूचे, दिवस भरले. खोपोलीजवळ साजगावला आमचं घर, माजघरामागे बिनखिडकीची खोली. आत इंदूजवळ द्वारकाबाई होत्या. टळटळीत दुपारी बारा वाजता मुलगी झाली. रडणं ऐकू आलं, मी अंगणात साखर वाटायला घेतली, आणि आई दारात आली. तिच्या हाताला कोपरापर्यंत रक्त होतं.

"रगत थांबंना रं. आन बॅटरी विझतीय."

मी कंदील पुढे केला. आई म्हणाली, कंदील आहे आत, पण त्याने बाईच्या हाताची सावलीच पडते, आत काही दिसत नाही. त्या बॅटरीतले सेल मीच दिलेले होते. आईला काय सांगणार? सायकल काढली आणि फडताळातल्या नव्या जोडीसाठी खोपोलीकडे सुटलो. भर उन्हात रस्ता पांढराफट्ट पडला होता, एवढा उजेड की डोळे मिटावेत. त्यातला ओंजळभर माझ्या घरात नेता येत नव्हता. त्या रस्त्यावर मी जे नवस बोललो, ते फेडायला सात जन्म पुरायचे नाहीत.

आत काय झालं ते आईने मला नंतर सांगितलं. बॅटरी लाल पडल्यावर बाई म्हणाल्या, "आई, बंद करा. शंभर मोजा आन मंग दाबा. मी सांगंन तवा लगेच बंद." आईला शंभरपर्यंत येत नव्हतं, तिने पाच विसा मोजल्या. तेवढ्या वेळात बाई अंधारात इंदूचं पोट दाबून चोळत होत्या आणि तिच्याशी बोलत होत्या, माहेरच्या म्हशीबद्दल विचारत होत्या. थकलेल्या सेलला विसावा दिला की तो एक श्वास उजेड देतो, हे त्यांना ठाऊक होतं. पहिल्या उजेडात त्यांनी बाळामागून पडलेली, सुपात ठेवलेली वार पाहिली: एका कडेला तुकडा कमी. बंद. पुन्हा पाच विसा. दुसऱ्या उजेडात बॅटरी त्यांनी दातांत घेतली, जिथे पाहायचं तिथे पाहिलं, आणि स्वतःच विझवली. मग डोळे मिटून हात घातला. आई म्हणाली, "डोळं मिटून रं! अंधारातच तर व्हती, तरी मिटून. देवापुढं बसल्यावानी." हात बाहेर आला तेव्हा मुठीत तो तुकडा होता. तिसरा उजेड त्यांनी त्या तुकड्यासाठी खर्च केला. वारेच्या कडेला लावून पाहिला. नेमका बसला. "आलं सगळं," त्या म्हणाल्या. चौथ्यांदा आईने दाबलं तेव्हा बॅटरी पेटलीच नाही.

मी धापा टाकत परत आलो तेव्हा बाई मागच्या दारी विहिरीवर हात धूत होत्या. इंदूचं रक्त थांबलं होतं. मी जोडी पुढे केली. त्यांनी सेल उलटे केले, बुडं पाहिली.

"हे नवं हायत."

"होय."

"कवापासनं व्हते?"

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "दिवाळीपासून. तुम्ही मागायला आलात तेव्हाही होते. तुम्हाला दिले ते उन्हातले."

"ठाव हाय मला. कानस मारल्याली दिसती." त्यांनी नवे सेल पिशवीत टाकले.

"मग तेव्हाच का नाही बोललात, बाई?"

"भांडले असते तर तुमी ते पन दिले नसते. मला अर्धा उजेड बी कामाचा हाय." रागाचा लवलेश नव्हता. त्याने मी जास्तच खचलो. त्या बोटं पुसत पुढे म्हणाल्या, "त्या सेलांवर तुमचं सातवं घर."

माझ्या तोंडून निघालं, "बाकीच्या सहा जणी बऱ्या आहेत ना?"

त्या पदराने एकेक बोट कोरडं करत राहिल्या. "पाच बऱ्या हायत. डोंगरावरच्या वाडीतली एक गेली."

"सेलमुळे?"

"ते मला सांगता येत नाय, गजाभाऊ. दिसलंच नाय तवा." आणि लगेच, जणू बाजारातली काही गोष्ट बोलून झाली असावी तसं म्हणाल्या, "आता आत जा. लेकीचं तोंड बघा. नाक तुमच्यावर गेलंय, बिचारीचं."

हे त्यांनी इंदूला कधी सांगितलं नाही, माझ्या आईलाही नाही. उलट मुलीच्या बारशाला आल्या, पाळण्याची दोरी ओढली, पोटभर जेवल्या. मी त्यांच्याकडे पाहत बसलो होतो. एवढं ठाऊक असताना एवढं शांत बसणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. मी कानस फेकून दिली, बाईंसाठी सेलांची जोडी कायम बाजूला ठेवू लागलो, पण त्याने काय व्हायचं होतं.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी त्यांची बदली देशावर झाली. मोटारीच्या थांब्यावर मी सोडायला गेलो. एक ट्रंक, एक वळकटी, कनवटीला ती पितळेची बॅटरी. मनात चार वर्षं डाचत होतं ते मी अखेर विचारलं.

"बाई, त्या वाडीतल्या बाईचं नाव सांगून जा. मी तिच्या घरी जाऊन येईन. पायावर डोकं ठेवीन."

त्यांनी वळकटी खाली ठेवली. मोटारवाल्याने हॉर्न वाजवला.

"तिच्या घरच्यांना वाटतंय, देवाची मर्जी व्हती," त्या म्हणाल्या. "तेवढ्यावर ते उभं हायत. तुमी जाल, रडाल, मोकळं व्हाल. आन त्यांचं तेवढं पन काढून घ्याल. नगा जाऊ. ते आपल्या दोघांचं हाय, आपणच वागवायचं."

आपल्या दोघांचं, असं म्हणाल्या त्या. ज्या पापात त्यांचा केसाएवढा वाटा नव्हता, त्यातला अर्धा त्या घेऊन गेल्या.

मोटार सुटली. त्या बाईचं नाव मला आजही ठाऊक नाही.