दादारावभाऊंचा हीट पंप

आमच्या किन्हीराजात दादारावभाऊंची ख्याती अशी, की कुठलीही नवी वस्तू आधी एक हंगाम दुसऱ्याकडे पाहायची आणि मगच घ्यायची. सोयाबीनचं नवं बियाणं आलं की हे दुसऱ्याच्या बांधावर उभे. एका वर्षी अर्ध्या गावाचं विकतचं बी उगवलंच नाही, यांचं घरचं मात्र तरारून आलं. तेव्हापासून गाव त्यांना विचारल्याशिवाय फवारणीचा पंपही घेईना. शेजारी म्हणून मीही त्यातलाच.

"दुसऱ्याच्या वावरात पाह्यल्याबिगर आपल्या वावरात आनू नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पोळ्याच्या सुमारास शांतावहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, लकवा मारला. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, कोमट पाण्यात रोज चालवा. पण उशीर नको, सांधे एकदा आखडले की सुटत नाहीत. भाऊंनी घरामागे छातीभर पाण्याचा तलाव बांधायला घेतला आणि दिवाळीच्या आत पुरा केला. गाव त्याला टाकंच म्हणे. बायकोसाठी एवढं करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अडलं ते पाणी तापवण्यावर. गॅसचा हीटर काही तासांत पाणी तापवतो, पण सिलिंडर भराभर संपतात. हीट पंप हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो, वीज कमी खातो. पण त्याचं काम सावकाश, आणि थंडीत जोर कमी. दुकानदार म्हणाला, रोजचं वापरणं आहे, पंप घ्या.

"कोनाच्या घरी चालू हाय थे दाखवा," भाऊ म्हणाले.

आता आमच्या जिल्ह्यात कोणाच्या घरी असणार! भाऊ अकोल्याच्या एका हॉटेलात गॅसचा पाहून आले, मग नागपूरला जाऊन पंप पाहिला. पण तिकडे अजून ऊन तापत होतं.

"पौषातली थंडी पाहू द्या," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "भाऊ, हे काय सोयाबीनचं बी हाय? काहीबी घ्या, पन आज घ्या!"

"घाई करून राह्यले तुमी, मास्तर. चुकीची मशीन आली त भोगन कोन? शांताच ना?"

पौषात ते पुन्हा नागपूरला गेले, पहाटे त्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून बसले आणि खूश होऊन परतले. पंप आला. छान चालला. वहिनींना खुर्चीसकट पाण्यात उतरवलं. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी गुडघा सरळ करून पाहिला, तशी वहिनींनी किंकाळी फोडली. बाईंनी हात काढून घेतला.

"पानी चांगलं हाय वो," वहिनी भाऊंना म्हणाल्या. "आता काढा मले."

पुढे पडून पडून पाठीला जखमा झाल्या. मृगाच्या तोंडी वहिनी गेल्या.

मागच्या महिन्यात मुलगा भाऊंना पुण्याला घेऊन गेला. गाडीत बसता बसता त्यांनी माझं मनगट धरलं.

"मास्तर, खरं सांगा. गॅसचा घेतला असता त चालली असती काय शांता?"

दोन्हीतला कुठलाही दिवाळीत आला असता तरी चाललं असतं, हे अख्ख्या गावाला कळत होतं. त्यांना अजून कळलं नव्हतं. मला त्यांचा राग होता, आणि त्या घटकेला फार दया आली.

"हो भाऊ," मी म्हणालो. "मशीनच चुकली."

"मले वाटलंच," ते म्हणाले, आणि गाडीत बसले.