नबिलाने सुया लावल्या नाहीत

शारजातल्या अल नहदाच्या आमच्या इमारतीत आमच्या दारासमोरचं दार खैरुद्दीन परकारांचं. माणूस मूळचा रत्नागिरीकडचा, तिथल्याच औद्योगिक भागात गाड्यांचं गॅरेज चालवणारा. त्यांची एकुलती एक मुलगी नबिला शाळेत माझ्या बायोलॉजीच्या वर्गात होती. त्यामुळे मी शेजारीण असले तरी तिच्यासाठी आजही 'मिस'च आहे.

बारावीनंतर तिचा एमबीबीएसचा प्रवेश थोडक्यात हुकला. पुन्हा परीक्षा द्यायची म्हणून एक वर्ष घरी बसली. त्याच वर्षी तिच्या अम्मीची, सुरैय्याभाभींची, मान फार दुखायला लागली आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून मायलेकी दुबईतल्या एका चिनी डॉक्टरीणबाईंकडे जाऊ लागल्या. त्या बाई मनगटावर तीन बोटं ठेवून कितीतरी वेळ गप्प बसायच्या. मग जीभ बघायच्या, झोपेचं विचारायच्या, घामाचं विचारायच्या, आणि शेवटी केसासारख्या बारीक सुया लावायच्या.

"मिस, अम्मीला इतकं नीट आजवर कुणीच विचारलं नव्हतं," नबिला मला म्हणाली. तिचं पुस्तकावरचं लक्ष उडालं. काही महिन्यांनी तिने जाहीर केलं की ती चीनला जाऊन हेच शिकणार.

त्या दिवशी खैरुद्दीनभाईंचा आवाज आमच्या घरात ऐकू येत होता. "लोकांना काय सांगू? पोरगी सुया टोचायला शिकते?" नंतर बरेच दिवस ते तिच्याशी बोललेच नाहीत. शेवटी जाऊ दिलं, पण मनातून नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "चीनला डॉक्टरी शिकते." ऐकणारा एमबीबीएस समजायचा आणि खैरुद्दीनभाई त्याला तसं समजू द्यायचे.

सुट्टीत आली की ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायची आणि आमचा वाद रंगायचा. मी म्हणायचे, "मी इतकी वर्षं शरीराच्या आकृत्या काढतेय. तुमच्या त्या 'ची'च्या, म्हणजे प्राणशक्तीच्या, वाहिन्या कुठे दिसल्या नाहीत मला."

"मलाही नाही दिसल्या," ती म्हणायची. "डिसेक्शन हॉलमध्ये शोधल्या मी. नर्व्ह होत्या, रक्तवाहिन्या होत्या, स्नायूंवरची आवरणं होती. ची नव्हती." सकाळी त्यांना फिजिऑलॉजी शिकवायचे आणि दुपारी जुने चिनी ग्रंथ. "एका दिवसात दोन वेगळी शरीरं शिकते मी, मिस. पुढे एखादा खरा पेशंट समोर आला तर कुठल्या शरीरावर विश्वास ठेवायचा, याची भीती वाटते."

गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या माहनूरचं तोंड अचानक वाकडं झालं. तपासण्या झाल्या, औषध मिळालं, शिवाय ती त्या चिनी बाईंकडेही जाऊ लागली. नबिला सुट्टीत तिथे मदतीला होती. काही आठवड्यांत माहनूरचा चेहरा सरळ झाला आणि बिल्डिंगभर नबिलाचं नाव झालं. "चेहऱ्याची नर्व्ह सुजली होती. बहुतेकांची सूज आपोआपच उतरते," असं नबिला सांगत राहिली, पण ते कुणालाच ऐकायचं नव्हतं.

यंदाच्या सुट्टीत एका शुक्रवारी दुपारी सुरैय्याभाभींनी आमची बेल वाजवली. "मॅडम, जरा या. नमाजहून आले, तर यांचं तोंड वाकडं झालंय."

खैरुद्दीनभाई सोफ्यावर बसले होते. ओठाचा डावा कोपरा खाली ओघळलेला. नबिला त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली होती. भाभींनी तिच्या बॅगेतून सुयांची पेटी काढून टीपॉयवर ठेवलीही होती.

"माहनूरसारखंच आहे ना? लाव मग," भाभी म्हणाल्या.

"लाव," खैरुद्दीनभाईही म्हणाले. शब्द जड येत होते. "दहा मिनिटांत खलास. मग जेवू."

इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. तिचा हात पेटीकडे गेलेला मी पाहिला. तो पेटीवर टेकला आणि तिथेच थांबला.

"अब्बा, भुवया वर करा."

त्यांनी केल्या. कपाळावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ्या पडल्या. नबिलाच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला.

"काय झालं?" मी विचारलं.

"माहनूरचं अर्धं कपाळ गुळगुळीत राहायचं. नर्व्ह गेली की आठी पडत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "पण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. एक बाजू बिघडली तरी आठी पडते. हे नर्व्हचं नाही, मेंदूचं आहे, मिस." मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "दोन्ही हात पुढे धरा. डोळे मिटा."

उजवा हात समोर राहिला. डावा हळूहळू खाली आला आणि मांडीवर पडला. डोळे मिटलेले असल्यामुळे त्यांना ते कळलंही नाही.

तिने पेटी बाजूला सारली आणि फोन उचलला. खैरुद्दीनभाई भडकले. "हॉस्पिटल नको. उद्या गॅरेजला माणसं येणार आहेत. एवढी वर्षं मला पटवत होतीस ना? आता तुझाच तुझ्या शिक्षणावर भरवसा नाही?"

तिने नंबर लावला. ॲम्ब्युलन्सला पत्ता सांगताना तिचा आवाज स्थिर होता, पण दुसऱ्या हाताने तिने ओढणीचं टोक पिळून टाकलं होतं.

ते रागाने उठायला गेले. डावा पाय उचललाच गेला नाही. मी आणि भाभींनी धरलं म्हणून पडले नाहीत. मग मात्र ते घाबरले.

"अब्बा, लिसन टू मी. कधीपासून होतंय? खरं सांगा."

"मशिदीबाहेर... चपला घालताना. हात बधिर झाला. वाटलं, जाईल."

"म्हणजे एक तासही झाला नाही," ती स्वतःशीच पुटपुटली. भाभींनी पाणी आणलं, तर तिने पेला काढून घेतला. गिळता नाही आलं तर छातीत जाईल, म्हणाली. आम्ही तिघी खिडकीतून खालच्या गाड्यांची रांग बघत राहिलो. सायरन ऐकू येत होता, पण जवळ येत नव्हता.

हॉस्पिटलमध्ये तिने भराभर सगळं सांगितलं. तरुण डॉक्टरने मान वर केली. "आर यू अ डॉक्टर?"

"नो. आय स्टडी चायनीज मेडिसिन," ती म्हणाली. स्ट्रेचरवरून खैरुद्दीनभाई तिच्याकडे बघत होते. डॉक्टरने पुढचा प्रश्न विचारला. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, गुठळी होती. ती विरघळवायचं औषध द्यायला अजून वेळ हातात होता. औषध सुरू झाल्यावर नबिला कॉरिडॉरमधल्या खुर्चीत बसली आणि तिला हुंदका आवरेना.

"सुया लावल्या असत्या तर?" ती मला म्हणाली. "हात लागला होता मिस, पेटीला. त्यांना पहिल्यांदा हवं होतं. मला लावायच्या होत्या."

मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

खैरुद्दीनभाई वाचले. बोलणं लवकर सुधारलं, डावी बोटं मात्र आखडलेली राहिली. नबिलाने एक सत्र सोडलं. रोज बापाला फिजिओथेरपीला न्यायची. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यावर त्या चिनी बाईंकडेही न्यायला लागली. हळूहळू बोटं उघडली. शर्टाची बटणं ते स्वतः लावू लागले आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगू लागले, "सुयांनी केलं हे."

"अब्बा, व्यायाम होता, औषधं होती. मेंदू स्वतःही सावरतो," नबिला म्हणायची. "कशाने किती झालं, मला माहीत नाही."

"बघा मॅडम," ते मला म्हणाले. "आता मी मानायला लागलो, तर ही मानत नाही."

ती परत गेली. आता शेवटचं वर्ष आहे, आणि तिने मागून घेतलेला वॉर्ड स्ट्रोकच्या रुग्णांचा. तिथे व्यायाम आणि सुया दोन्ही चालतात. काहींची बोटं उघडतात, काहींची नाही. आधीच ओळखता येत नाही, याचा तिला फार त्रास होतो, असं परवाच्या फोनवर म्हणाली. मग मला विचारलं, कुणाची बोटं कशाने उघडतात ते मोजून बघायचंय, संख्याशास्त्राचं सोपं पुस्तक कुठलं, तेवढं जरा शोधून ठेवाल का?