प्रेरणाचा राहिलेला राउंड

‘कार्यक्रमातली बॅटल काढा,’ निखिल म्हणाला. ‘आमच्या फॅमिली डेला नको. ॲग्रेसिव्ह वाटतं.’

निखिल हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीचा सीएसआर मॅनेजर. सीएसआर म्हणजे कंपनीने नफ्यातला थोडा वाटा समाजासाठी खर्च करायचा आणि त्याचे फोटो काढायचे. फोटोंचं कायद्यात नाही, पण ते कधी राहत नाहीत.

मी एका लहान संस्थेत काम करते. धायरीकडच्या एका वस्तीत आमचा हिप-हॉपचा ग्रुप होता. ‘आमचा’ म्हणजे मुलं-मुली यूट्यूब बघून शिकायची, मी रिपोर्ट लिहायचे. प्रॅक्टिस रविवारी दुपारी, बुद्धविहाराच्या हॉलमध्ये. फरशी टणक, पोरांची मनगटं सुजायची. कंपनी लाकडी फ्लोअर देणार होती, म्हणून निखिलचं ऐकून घेणं भाग होतं.

बॅटल म्हणजे दोन डान्सर समोरासमोर. एकाने आपला राउंड करायचा, दुसऱ्याने नाचूनच उत्तर द्यायचं. चिडवा, हिणवा, नक्कल करा, पण अंगाला हात लागला की बाद. वर्षभरापूर्वी एकमेकांच्या गाड्यांचे आरसे फोडणाऱ्या दोन गल्ल्या या एका नियमावर शांत झाल्या होत्या. पोलिसांची गाडी येऊन जे झालं नव्हतं, ते एका स्पीकरने केलं होतं. हे सगळं मी निखिलला सांगितलं.

‘ते ठीक आहे. पण मेसेज काय जातो?’

इथे मी भांडायला हवं होतं. पण कॉलेजपासून मी पत्रकं लिहीत आले आहे. ज्यात मेसेज नाही ते सगळं मला तेव्हा वाया गेल्यासारखं वाटायचं. ‘मेसेज देते,’ मी म्हणाले आणि दोन दिवसांत व्यसनमुक्तीवर एक छोटा डान्स-पीस लिहिला. दारुडा बाप, रडणारी मुलगी, शेवटी घोषणा. सोबत प्रेक्षकांना वाटायचं एक पत्रकही. बापाला मुखवटा. मुलगी प्रेरणा.

प्रेरणा बारावीत होती. एका हातावर सगळं शरीर तोलून क्षणभर थांबायचं, याला फ्रीझ म्हणतात. ग्रुपमध्ये ते पहिल्यांदा तिला जमलं. तिचे वडील गायकवाड काका सरकारी कचेरीत क्लार्क. विहाराची अभ्यासिका तेच चालवायचे, हॉलची किल्लीही त्यांच्याकडेच. घर बौद्ध, पंचशील मनापासून पाळणारं. त्यातलं पाचवं शील दारूला न शिवण्याचं. हे मला माहीत होतं.

डान्सबद्दल काकांचं मत राखीव होतं. ‘एकदा स्टेजवर बघतो. मग ठरवू.’ त्या एकदासाठी प्रेरणा दोन महिने आपला राउंड बसवत होती. बारावीनंतर नाचायचं की नाही, ते त्यावर ठरणार होतं.

‘ताई, माझा राउंड?’

‘पुढच्या वेळी.’

‘पप्पा एकदा म्हणाले म्हणजे एकदाच येणार.’

‘अगं, पीस चांगला आहे.’

‘दारुड्याची मुलगी आहे त्यात. आमच्या घरात कोणी सुपारीसुद्धा खात नाही.’

‘रोल आहे गं तो.’

ती गप्प बसली. गप्प बसलं म्हणजे हो, असं मी धरलं. आमच्या क्षेत्रात ही सोय फार वापरली जाते.

आमच्या प्रमुख मेघाताईंनी मात्र विचारलं, ‘पत्रक पालकांना दाखवलंस का?’

‘वेळ नाहीये.’

‘मग वेळ काढ.’

मी काढला नाही.

फॅमिली डेला काका अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, तिसरी रांग. प्रत्येक खुर्चीवर माझं पत्रक होतं. वर प्रेरणाचा फोटो, खाली ‘दारूच्या विळख्यातून नृत्याकडे’. सूत्रसंचालकाने ते माइकवरून वाचलं. ‘व्यसनाधीन घरांतून आलेली ही मुलं...’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रेरणा सांगितल्याप्रमाणे तीन मिनिटं रडली. हातावर एकदाही उभी राहिली नाही. पीसमध्ये ते नव्हतंच.

संपल्यावर मी काकांकडे गेले. त्यांच्या शेजारी कंपनीतल्या एक बाई बसल्या होत्या. प्रेरणाचे वडील हेच, हे त्यांना कळलं होतं. फार मायेने त्यांनी विचारलं, ‘किती वर्षं झाली हो सोडून?’

काका म्हणाले, ‘मॅडम, धरली असती तर सोडली असती.’

मग पत्रक माझ्यासमोर धरलं. ‘हे तुम्ही लिहिलंत?’

‘हो. पण काका, ते एकूण वस्तीबद्दल...’

‘शुद्धलेखन चांगलं आहे.’ त्यांनी त्याची घडी करून खिशात ठेवली. ‘वीस वर्षं अभ्यासिका चालवतोय वस्तीत. ती यात दिसली नाही.’

 

पुढच्या रविवारी हॉल उघडा होता, झाडून ठेवलेला. किल्ली काकांनी काढून घेतली नव्हती. प्रेरणा तेवढी आली नाही. मी घरी गेले, माफी मागितली.

‘मी तिला नाही म्हटलेलं नाही,’ काका म्हणाले. ‘तिलाच विचारा.’

प्रेरणा दारात उभी होती. ‘ताई, मला नाचायचं होतं. तुम्ही मला रडायला लावलंत. बरं, रडले. पण पप्पांना त्या बाईंनी जे विचारलं, ते माझ्यामुळे.’

‘तुझ्यामुळे नाही. माझ्यामुळे.’

‘स्टेजवर मी होते ना. तुम्ही कुठे होतात?’

मी विंगेत होते. टाळ्या ऐकत.

काकांनी चहा दिला. मी प्यायले. तिने पुन्हा नाचायला सुरुवात केली नाही. आता ती कॉम्प्युटरच्या डिग्रीला आहे. भेटली की नीट बोलते, अभ्यासाचं सांगते. डान्सचा विषय मी काढत नाही, तीही काढत नाही.

फ्लोअर आला. चांगला आहे, मनगटं सुजत नाहीत. त्यावर दोन्ही गल्ल्यांची बॅटल होते. कुठल्याही मेसेजशिवाय होते आणि बरी चालते.

निखिलला दोष देऊन पाहिला. भरपूर दिला. पण त्याने फक्त बॅटल काढायला सांगितलं होतं. दारू मी घातली.

आता कुणाच्या घराबद्दल काही छापायचं झालं, तर आधी मी मजकूर घेऊन त्या घरी जाते. निम्मा मजकूर तिथेच खोडला जातो. पत्रक फिकं दिसतं, कंपन्यांना आवडत नाही. फिकंच देते.