तीनशे चाळीस पावलं

माझ्या बाबांना पावलं मोजायची खोड होती. मनातल्या मनात नाही, चांगले ओठ हलायचे. लहानपणी त्यांच्यासोबत बाजारात जायची मला लाज वाटायची. मैत्रिणी विचारायच्या, तुझे बाबा जप करतात का? मी हो म्हणून मोकळी व्हायची.

जप कशाचा! फौजेत ते मोजणीच्या तुकडीत होते. वरती बर्फात, ज्या खोऱ्याचा नकाशाच कोणाजवळ नव्हता, तिथे त्यांनी दोन हिवाळे काढले. यंत्रं गोठायची, मग अंतर पावलांनी मोजायचं. शंभर झाली की एक खडा या खिशातून त्या खिशात. पुढे लढाईत याच खोडीनं नऊ माणसं वाचली. दाट धुकं, वाटाड्या मेलेला, दोन्ही बाजूंना सुरुंग. जाताना बाबांनी पावलं आणि वळणं मोजून ठेवली होती. तीच उलटी मोजत त्यांनी सगळ्यांना एकामागे एक परत आणलं. त्याचं पदक मिळालं, ते आमच्याकडे बटणांच्या डब्यात पडलेलं असायचं. खोऱ्याचा नकाशा छापला, त्यावर कोणाचंच नाव नव्हतं. आणि धरमपेठेतल्या आमच्या गल्लीत त्यांची ओळख काय, तर 'मास्तरीणबाईचे बाबा'. माझं डोकं फिरायचं. त्यांना काही वाटायचं नाही.

आई गेली, मी लग्न केलं नाही, घरात आम्ही दोघंच उरलो. मग काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू खाल्ली. तरी रोज सकाळी दहाला ते काठी घेऊन एकटे चहाच्या टपरीवर जायचे. फाटकापासून टपरी तीनशे चाळीस पावलं. मी सोबत येते म्हटलं की चिडायचे. "जाताना मोजलं का येताना कोणाची गरज नाही पडत वं," म्हणायचे. बाकी सगळं मीच करायची, कप हातात द्यायची, चप्पल पायाशी ठेवायची. ती एक फेरी तेवढी त्यांची स्वतःची होती, आणि तिच्यावरच त्यांचा जीव होता.

डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा शाळेतल्या एका बाईंनी माझ्या डोक्यात भरवलं की दक्षिणेचं फाटक घरातल्या पुरुषाला लाभत नाही. मी जन्मभर विज्ञान शिकवलं, बाप्पा! पण हेही माणूस गेलं तर घरात बोलायचं कोणाशी, या भीतीपुढे माझी अक्कल चालली नाही. बाबा आठ दिवस दवाखान्यात होते. तेवढ्यात मी गवंडी बोलावून फाटक बुजवलं आणि कोपऱ्यापलीकडे, पूर्वेच्या गल्लीत नवीन काढलं. बाबांना सांगितलं नाही, ते हसले असते. डोळ्यांवर पट्टी होती, ऑटोतून उतरवून मी त्यांना हात धरून आत नेलं. दोन दिवसांनी सांगू म्हटलं आणि राहूनच गेलं.

पट्टी निघाली, पण नजर आली नाही. त्या दिवशी दवाखान्यातून येताना त्यांनी ऑटो टपरीपाशी थांबवायला लावला. मी त्यांना बाकावर बसवलं, चहा सांगितला आणि बाजूच्या दुकानात औषधं घ्यायला गेले. गर्दी होती. परत येते तर बाक रिकामा. टपरीवाला म्हणाला, बाबा तर निघाले, मोजत मोजत.

मी धावत सुटले. बाबा आमच्याच भिंतीशी उभे होते, जिथे फाटक असायचं बरोबर तिथे. एका पावलाचाही फरक नव्हता. काठी काखेत, दोन्ही तळवे नव्या गिलाव्यावर, कडी शोधून राहिले होते. ऊन मी म्हणत होतं. बाजूनं गाड्या जात होत्या, एकही माणूस थांबला नाही.

मी हाक मारली. त्यांनी तोंड फिरवलं.

"मी चुकलो वं," ते म्हणाले. "कोणाच्या घरी आलो मी?"

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पण माझी जीभ रेटली नाही. मी त्यांचा हात धरला आणि कोपऱ्यावरून वळवून नवीन फाटकाकडे नेऊ लागले. वळताना ते थांबले, "इतकं?" म्हणाले, आणि पुन्हा चालू लागले. आपण अख्खी गल्लीच चुकलो असं त्यांनी धरलं.

त्यानंतर ते टपरीवर गेले नाहीत. ओठ हलायचे थांबले. घरातल्या घरातसुद्धा भिंत धरून चालायचे. रोज चहा देताना मी ठरवायची, आज सांगायचंच. सांगितलं असतं तर दोन दिवस बोलले नसते माझ्याशी, आणि तिसऱ्या दिवशी काठी घेऊन नवीन फाटकापासून मोजायला निघाले असते. मला माझी लाज प्यारी झाली. सव्वा वर्षानं ते गेले. सुरुंगांतून नऊ माणसं आणणारा माणूस, आपल्याला आपलं घर सापडत नाही असं समजून गेला. ते खोटं होतं आणि ते एकट्या मलाच माहीत होतं.

मागच्या महिन्यात मी त्याच गवंड्याला बोलावलं. भिंत फोड म्हटलं, फाटक परत जुन्या जागी बसव. त्यानं माझ्याकडे पाहिलं, रिकाम्या घराकडे पाहिलं.

"काहून मॅडम? आता इकडून कोण येणार हाय?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "पण कडी होती तिथंच लाव गा."