नाय म्हाराजा

पोरगी झाल्यापासून मला दम लागतो. विहिरीवरनं कळशी आणली की छातीवर कोणतरी बसल्यासारखं होतं. सासू बोलायची, अंगात रक्त नाय, माहेरी लांज्याला जाऊन पड दोन महिने, पोरगी इथं राहील. मुंबईला नवऱ्याला फोन लावला तर तोपण बोलला, आई बोलते तसं कर. सासूचा नातीवर जीव, ते खोटं नाय. पण दोन महिन्यांचं वर्ष कसं होतं ते मी शेजारणीचं बघितलेलं. एवढीशी पोर, आईला विसरायला तिला किती वेळ लागणार?

जायच्या आधी पोरीला देवीच्या पायावर घालायचं ठरलं. देऊळ सड्याच्या, वरच्या कातळमाळाच्या पलीकडे, जायला-यायला अख्खा दिवस. रिक्षा जाते, पण सासूचा नवस चालत जायचा. सासू, मोठी जाव आणि मी निघालो. सकाळपासून माझं अंग तापलेलं. कोणाला सांगितलं नाय. सांगितलं असतं तर पोरगी जावेच्या कडेवर गेली असती, आणि मग हिला पोर उचलवत नाय म्हणायला सगळे मोकळे.

पाखाडीच्या पायऱ्या चढतानाच कानात धडधड ऐकायला यायला लागली. वर सड्यावर सावली कसली, नुसतं काळं कातळ आणि वाळलेलं गवत. मी तोंड उघडं टाकून चाललेली. मध्येच थांबायचं, पदर नीट करायचं नाटक करायचं. मरायची भीती नव्हती, पोरीसकट पडायची होती. सासू पुढं झपाझप. जाव हळूच बोलली, "दे गो इकडं. मेलीस तर?"

"मेली तर घे," मी बोलली.

आमच्याकडे देवीला गाऱ्हाणं गुरव घालतो. आपलं काय ते त्याला सांगायचं, तो मोठ्यानं देवीला बोलतो, आणि दर वाक्याला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. सासू त्याच्या कानाशी कायतरी बोलली. तो सुरू झाला. पोरीला औक्ष दे. व्हय म्हाराजा. मीपण म्हटलं. मग बोलला, ही सून माहेरी जाते, लेकरू आजीजवळ ठेवतो, त्याचा सांभाळ कर.

"नाय म्हाराजा," मी बोलली.

गुरव वळून माझ्याकडे बघायलाच लागला. देवळात असं त्यानं कधी ऐकलंच नसणार. सासूनं माझा दंड धरला. पण उघडलेलं तोंड मिटेना.

"मला श्वास घेता येत नाय. मला डॉक्टरकडे न्या. माहेरी पाठवलंत तरी पोरगी माझ्यासंगं येणार."

मग मागनं जाव, अगदी बारीक आवाजात बोलली, "व्हय म्हाराजा."

देवीसमोर बोललेलं मागं कसं घेणार? गुरवानं माझंच बोलणं गाऱ्हाण्यात घातलं. सासूचे ओठ हलले. काय म्हटलं ते तिलाच ठाऊक.

येताना वाटलं तिथं मी बसली, भर उन्हात, कातळावर. सासू पुढं जाऊन पाठ करून उभी राहायची, पण थांबायची. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला तिनंच नेलं. डॉक्टरनी छातीला ऐकायची नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाय. भ्याली मी. अजून भिते. पण तेव्हा पोरगी माझ्या मांडीवर होती, आणि बाहेर बाकावर बसलेल्या सासूनं तिला मागितली नाय.